पाइपाचं दुसरं टोक

पाइप कापायला घेण्याआधी त्याच्या दुसऱ्या टोकाशी कोण आहे ते जाऊन बघायचं, अशी बाबांची शिकवण होती. दहावीची परीक्षा संपल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातात गॅसकटर दिला तेव्हाची. गॅसने पाइप कापताना वितळलेलं लोखंड आतल्या पोकळीत उडतं, ठिणग्यांचा लोट नळीतून धावत जातो आणि पलीकडच्या तोंडातून बाहेर पडतो. कापणाऱ्याची नजर ज्योतीवर खिळलेली असते. पलीकडे कोणी वाकून माप घेत असेल तर त्याचा चेहरा भाजतो. बाबांनी एक चेहरा असा भाजलेला पाहिला होता. त्यामुळे कटर पेटवण्याआधी ते स्वतः पाइपाच्या कडेने चालत जायचे, पलीकडून आत डोकावायचे आणि परत येऊन मगच चष्मा चढवायचे. पाइप दोन फुटांचा असला तरी.

माझ्या शेडमध्ये कामाला आलेल्या प्रत्येक पोराला मी हेच शिकवत आलो. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सलग अकरा दिवस मी स्वतः पाइपाच्या दुसऱ्या टोकाकडे बघायचं टाळलं. नजर जायची आणि मी ती काढून घ्यायचो. त्या अकरा दिवसांबद्दल मला लिहायचं आहे. घरी बायकोला थोडंफार ठाऊक आहे, तेही मी सांगितलं तेवढंच.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. बाबा भोपाळला आले ते हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये नोकरी लागली म्हणून. ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक मदतीने उभा राहिलेला हा कारखाना नेहरूंनी नोव्हेंबर १९६० मध्ये देशाला अर्पण केला. बाबा त्यानंतर सहा-सात वर्षांनी तिथे फिटर म्हणून लागले. आता सगळे त्याला भेल म्हणतात, आमच्या घरात मात्र तो शेवटपर्यंत ‘हेवी’च राहिला. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. निवृत्तीनंतर बाबांनी गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानशी शेड भाड्याने घेतली, दोन वेल्डिंग मशिनं टाकली आणि मला हाताशी घेतलं. त्या भागातल्या बऱ्याच शेडांसारखी आमचीही सुरुवात मोठ्या कारखान्यांची किरकोळ कामं करून झाली.

बाबांचं खरं कसब कागदात होतं. पाइपाला पाइप जोडायचा तर एकाच्या टोकाला माशाच्या तोंडासारखी खोबण काढावी लागते, तरच तो दुसऱ्याच्या गोलाईवर नीट बसतो. काटकोनात जोडायचा असेल तर खोबणीचा आकार एक, तिरका जोडायचा असेल तर दुसरा, व्यास वेगळे असतील तर तिसराच. बाबा हा आकार जाड खाकी कागदावर काढायचे. परिघाचे बारा भाग पाडायचे, प्रत्येक भागाची उंची खूण करायची, खुणा जोडल्या की लाटेसारखी एक रेघ तयार व्हायची. तो कागद कापून पाइपाभोवती गुंडाळायचा, खडूने रेघ मारायची, पंचने ठिपके ठोकायचे, मग कटर, मग ग्राइंडर, शेवटी कानस. एका जोडाला तास सहज जायचा. दोन्ही पाइप एकमेकांवर बसले की ते अंगठ्याचं नख फटीत सरकवून बघायचे. नख शिरलं तर पुन्हा कानस. ते कागद अजून त्यांच्या ट्रंकेत आहेत. कडा तेलाने काळ्या पडल्यात, कोपऱ्यात पेन्सिलीने मापं लिहिलेली आहेत.

हाच जोड माझं यंत्र पाव मिनिटात कापतं. २०१९ मध्ये कर्ज काढून मी ते घेतलं, बाबा गेल्यानंतर दोन वर्षांनी. सहा मीटरचा पाइप मागच्या बाजूने चढवायचा, चक त्याला धरतो आणि फिरवतो, पुढे सरकवतो, आणि वरून खाली येणारं हेड त्याच्या अंगावरून पेन फिरवावं तसं फिरतं. हेड पंचेचाळीस अंशांपर्यंत कलतं, त्यामुळे वेल्डिंगसाठी लागणारी तिरपी धारही तिथेच निघते. चीर केसाच्या दोन-तीन पट रुंद, तेवढीच. लेसरचा किरण दिसत नाही. एक मायक्रॉनच्या किंचित वरची तरंगलांबी, डोळ्याला न कळणारी. दिसतो तो वितळणाऱ्या पोलादाचा पांढरा ठिपका आणि त्याखालून सुटणारा ठिणग्यांचा झुबका. पहिल्या दिवशी पहिला जोड निघाला तो मी गरम असतानाच उचलला, दुसऱ्या पाइपावर ठेवला आणि नख फिरवून पाहिलं. नख शिरलं नाही. मी शेडच्या मागे जाऊन रडलो होतो. बाबांना हे दाखवता आलं नाही म्हणून.

गिऱ्हाईक शेडमध्ये आलं की मी हौसेने माहिती सांगायचो. कार्बन डायऑक्साइड लेसर शोधणारे कुमार पटेल १९३८ साली आपल्या बारामतीत जन्मले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्यांनी तो लेसर घडवला. पुढे जगभरातल्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं त्याच लेसरने पत्रा कापला. माझ्याकडचा फायबर लेसर त्यानंतरच्या पिढीतला. किरणाच्या जोडीला ऑक्सिजनचा झोत सोडला तर पोलाद कापता येतं हे १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी दाखवलं. आणि इथून दोनशे किलोमीटरवर इंदूरला राजा रामण्णा केंद्रात अणुभट्टीच्या दुरुस्तीसाठी लेसरने कापण्याची पद्धत विकसित झाली. किरण काचेच्या तंतूतून लांबवर नेता येतो, म्हणून कामगाराला किरणोत्साराच्या जागेजवळ कमी वेळ थांबावं लागतं. हे शेवटचं मी सगळ्यांना आवर्जून सांगायचो. लेसर माणसाला धोक्यापासून लांब उभं करतो, असं म्हणायचो. आमच्याकडे आता कटर धरावा लागत नाही, कोणाचा चेहरा भाजत नाही, म्हणायचो.

इंदूरच्या त्या केंद्राची पायाभरणी फेब्रुवारी १९८४ मध्ये झाली. त्याच वर्षाच्या शेवटी आमच्या शहराचं काय झालं ते सांगायला नको.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमची वसाहत युनियन कार्बाइडच्या कारखान्यापासून बरीच लांब, वायू सुटला त्या रात्री वाऱ्याची दिशाही आमच्याकडची नव्हती. आम्ही झोपलेलो होतो. सकाळी कळलं. बाबा घरातल्या दोन चादरी आणि रॉकेलचा स्टोव्ह घेऊन शेजाऱ्यांबरोबर हमीदिया रुग्णालयात गेले आणि रात्री उशिरा परत आले. काय पाहिलं ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. फक्त एक गोष्ट ते पुढे कित्येक वर्षं बोलत राहिले, आणि ती फिटरची होती. वायू जाळून टाकण्यासाठी कारखान्यात एक मनोरा होता. त्याच्याकडे जाणाऱ्या नळीचा गंजलेला तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता आणि नवा बसवलेला नव्हता. हे छापून आलं तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र जमिनीवर ठेवलं आणि म्हणाले, “अर्ध्या दिवसाचं काम. मी एकट्याने बसवला असता.”

पुढे मी वाचलं की एवढ्या वायूला तो मनोरा चालू असता तरीही पुरा पडला नसता. बाबांना ते सांगितलं नाही. आणि नुसती ती एक नळी नव्हती. टाकी क्रमांक ६१० मध्ये चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट होतं. ते थंड ठेवणारं यंत्र जून १९८४ पासून बंद होतं. सुटलेला वायू धुऊन निकामी करणारा स्क्रबर चालू नव्हता. पाण्याचे फवारे वायू जिथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोचत नव्हते. यातलं काहीही कोणी त्या रात्रीसाठी ठरवून बंद केलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणाने, सध्यापुरती म्हणून बंद झाली होती. राजकुमार केसवानी आपल्या छोट्याशा साप्ताहिकातून १९८२ पासून धोक्याचं लिहीत होते. ज्यांनी वाचायला हवं होतं त्यांनी वाचलं नाही.

दरवर्षी तीन डिसेंबरला मी कारखान्याजवळच्या त्या आई आणि मुलाच्या पुतळ्यापाशी जातो. एका वर्षी आमच्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात या विषयावर बोललोही होतो. बाबांची नळीची गोष्ट सांगितली. लोक गप्प झाले होते. शेवटी मी म्हणालो होतो की एक नळी वेळेवर न बसवणारा माणूस कसा विचार करत असेल हे मला अजून समजत नाही. ते मी मनापासून बोललो होतो. टाळ्या पडल्या नव्हत्या, पण दोन जण येऊन हात धरून गेले.

आता मला तो माणूस समजतो. त्याला समजून घेण्यासाठी मला लांब जावं लागलं नाही.

रायसेनच्या बाजूला एका पॉलीहाउसचं काम मिळालं होतं. गॅल्व्हनाइज्ड पाइप, साठ मिलिमीटरचे, चौदाशेच्या आसपास तुकडे, प्रत्येकाला दोन खोबणी आणि चार भोकं. नोव्हेंबरअखेर माल द्यायचा होता. पाच तारखेला बँकेचा हप्ता असतो. काम चालू होऊन चार दिवस झाले आणि धूर ओढणाऱ्या कलेक्टरने अलार्म दिला. आतली फिल्टर कार्ट्रिजं चोक झाली होती. जस्ताची पांढरी भुकटी इतकी बारीक असते की हवेच्या झटक्यांनी झटकूनही ती सुटत नाही. ती कार्ट्रिजं मी सहा महिन्यांपूर्वीच बदलायला हवी होती. किंमत विचारून ठेवली होती आणि दोनदा पुढे ढकललं होतं. आता नवीन मागवली तर पुण्याहून यायला दहा-बारा दिवस. आणि अलार्म असताना यंत्र चालत नाही, कारण कलेक्टर आणि लेसर एकमेकांना तारांनी बांधलेले असतात.

मी फोनवर एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, “पॅनलमध्ये दोन टर्मिनलना जम्पर मारा, चालू होईल. सध्यापुरतं.” पोरांना जेवायला पाठवून मी पॅनल उघडलं. बोटभर लांबीची लाल तार, दोन्ही टोकं सोललेली, स्क्रू ढिले करून आत घातली आणि पिळून घट्ट केली. दोन मिनिटांचं काम. यंत्राला आता कलेक्टर ठीक चालल्याचा संदेश जात होता. चोक झालेल्या फिल्टरवर ब्लोअर चालवला तर मोटर जळाली असती, म्हणून मग ब्लोअरही बंद केला.

त्या वेळी मनात आलं नाही ते नंतर आलं. कार्बाइडच्या कारखान्यातही एक जम्पर होता. दोन वाहिन्यांना जोडणारी एक नळी, जिला तिथले लोक जम्पर लाइनच म्हणायचे. पाणी टाकीपर्यंत पोचलं ते तिच्यातून, असं तिथल्या कामगारांचं म्हणणं होतं. कंपनीने ते मानलं नाही, कोणीतरी मुद्दाम पाणी सोडल्याचं सांगत राहिली. मी माझ्या शेडची बरोबरी त्या कारखान्याशी करत नाही. हजारोंच्या मरणाशेजारी माझी लाल तार ठेवणं हा त्या माणसांचा अपमान होईल. पण दोन्हीकडे शब्द एकच होता, आणि तो ऐकून माझा हात थांबला नाही, हे मला विसरता येत नाही.

लेसरने पाइप कापताना धूर कुठे जातो हे पाहिल्याशिवाय कळत नाही. पत्रा कापताना धूर खाली जातो. पाइप म्हणजे स्वतःच एक धुराडं. झोताने ढकललेला धूर नळीच्या आत शिरतो. ब्लोअर चालू असला तर तो पुढच्या तोंडातून ओढला जातो. ब्लोअर बंद असला तर मागच्या तोंडातून, सहा मीटर मागे, चिलमीतून निघावा तसा निघतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळायला पंधराशेच्या जवळ जावं लागतं. म्हणजे पाइप कापला जाण्याआधी त्याच्या अंगावरचं जस्त वाफ होऊन गेलेलं असतं. हवा लागली की त्याचा दाट पांढरा धूर होतो, जिभेवर गोडसर धातूची चव येते. पिंजलेल्या कापसासारखे त्याचे तंतू तरंगतात.

आणि त्या मागच्या तोंडाशी चाचा उभे होते.

शेडमध्ये सगळे त्यांना चाचाच म्हणतात, मीही. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. १९८४ मध्ये अठरा वर्षांचे होते आणि काझी कॅम्पाजवळ राहत होते. त्या रात्री धाकट्या बहिणीला खांद्यावर घेऊन धावले. बहीण वाचली नाही. त्यांना बहुतेकांसारखे सुरुवातीला पंचवीस हजार मिळाले आणि जिना चढताना अर्ध्यावर थांबणारी छाती मिळाली. वेल्डिंगचं काम त्यांना झेपत नाही म्हणून यंत्र आल्यावर मीच त्यांना मागच्या बाजूला ठेवलं. हलकं काम. एक पोरगा आणि ते मिळून सतरा-अठरा किलोचा पाइप रुळांवर ठेवायचे, आणि पाइप फिरत असताना त्याचं शेपूट हलू नये म्हणून चाचा तिथे हात धरून उभे राहायचे. ही माझी त्यांच्यावरची मेहेरबानी, असं मी धरून चाललो होतो.

मी दोन्ही शटर उघडली. दोन मोठे पंखे लावले, ज्यांनी धूर फक्त सगळीकडे पसरला. करोनाच्या वेळचे उरलेले निळे कापडी मास्क वाटले. त्या मास्कने असला धूर अडत नाही हे मला माहीत होतं. योग्य मास्क कोणता हेही माहीत होतं, न्यू मार्केटच्या मागच्या दुकानात मिळतो हेही. त्या दिवशी जावंसं वाटलं नाही, दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनचे सिलिंडर यायचे होते, तिसऱ्या दिवशी मास्कची आठवण मी स्वतःला होऊ दिली नाही.

पाचव्या संध्याकाळी चाचांना थंडी वाजून ताप आला. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड करणाऱ्या कोणालाही हा ताप परिचयाचा असतो. संध्याकाळी हुडहुडी, अंग मोडून येणं, दुसऱ्या दिवशी उतार. मी म्हणालो, “गूळ खाओ चाचा, रात को दूध पियो।” माझ्या आवाजात काळजी होती. ती खरी होती की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. खरी होती. आणि तरी सकाळी ते आले तेव्हा मी त्यांना घरी पाठवलं नाही. त्यांच्या भुवयांवर आणि गळ्यातल्या रुमालावर पांढरी भुकटी बसायची. दुपारी ते बाहेर नळावर तोंड धुवायचे तेव्हा मी काचेच्या केबिनमधून बघायचो आणि पुन्हा स्क्रीनकडे वळायचो. स्क्रीनवर उरलेल्या तुकड्यांचा आकडा असे. रोज कमी होणारा. त्या दिवसांत मला बरं वाटावं अशी तेवढीच गोष्ट होती.

अकरा दिवसांनी काम संपलं. बाराव्या दिवशी चाचा आले नाहीत. त्यांच्या मुलीचा फोन आला की श्वास लागतोय, दाखल केलंय.

मी दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टर होते, एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाले, “पुराना है। गैस पीड़ित हैं ना? इनके लंग्स तो पहले से ही…”

तेव्हा माझ्या छातीतून काहीतरी उतरलं. सुटका. इतकी स्पष्ट की मी भिंतीला टेकलो. त्यांच्या फुप्फुसात चौऱ्याऐंशीचं किती आणि माझं किती, हे कोणी कधीच वेगळं काढू शकणार नव्हतं. माझ्या अपराधाला लपायला या शहराने जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीच जागा करून ठेवली होती.

हे लिहिताना हात जड होतो, कारण याच युक्तिवादावर मी लोकांसमोर संतापलो आहे. वायुपीडितांना वर्षानुवर्षं काय ऐकावं लागलं? तुम्हाला आधीपासून टीबी होता, तुम्ही विड्या ओढता, तुमचा आजार कशाने झाला हे सिद्ध करा. कागद दाखवा. मी म्हणायचो की ज्याचं शरीर मोडलं आहे त्याच्यावरच पुराव्याचं ओझं टाकणं हा दुसरा गुन्हा आहे. आणि दवाखान्याच्या त्या बोळात, एका क्षणात, कोणी न विचारता, मी तेच वाक्य मनात म्हणालो होतो. त्यांचं आधीचंच होतं.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्त्या झाल्या. धोकादायक प्रक्रियांबद्दल एक आख्खं प्रकरण आलं. आणि धूर जिथे निघतो तिथेच ओढून बाहेर नेण्याची जबाबदारी मालकाची, हे तर १९४८ च्या मूळ कायद्यातल्या कलम १४ मध्येच होतं. मी ते वाचलेलं होतं. अज्ञानाची सवलत मला घेता येत नाही.

चाचा नऊ दिवस दवाखान्यात होते. खर्च मी केला. तीन डिसेंबरला सकाळी पुतळ्यापाशी गेलो आणि तिथून दवाखान्यात. त्यांच्या बायकोने माझे हात कपाळाला लावले. एवढं कोण करतं, म्हणाली. मी म्हणालो, हे माझं कामच आहे. त्यानंतरच्या ईदला त्यांच्या घरून शीरखुर्मा आला. मी खाल्ला. अकरा दिवस धूर दिला त्यापेक्षा हे आभार मी निमूट घेतले, याचं मला जास्त लागतं. धूर देताना निदान मनात भीती होती. आभार घेताना मी स्वतःला चांगला माणूस समजत होतो.

नवी कार्ट्रिजं आली, मी पॅनलमधून लाल तार काढली. फेकली नाही, टेबलाच्या खणात ठेवली. का ठेवली ते सांगता येत नाही. आता कार्ट्रिजचा एक जादा संच कायम शेडमध्ये असतो. गॅल्व्हनाइज्डचं काम आलं तर मागच्या तोंडाशीही धूर ओढणारी नळी लावतो, श्वासाचे योग्य मास्क आहेत. चाचा आता पुढच्या खोलीत बसून तुकडे मोजतात, लेबलं लावतात. हे सगळं केलं तेव्हा मला वाटलं होतं की हिशेब मिटला.

मग मागच्या पावसाळ्यात एके दिवशी मी शेडमध्ये शिरलो तर यंत्राचा दरवाजा उघडा आणि आत कापणी चालू. नव्या पोराने दरवाजाच्या सेन्सरला टेपने चुंबक चिकटवलं होतं, म्हणजे यंत्राला दरवाजा बंद वाटतो. उघडझापीचा वेळ वाचतो. तो न दिसणारा किरण एखाद्या चकचकीत कडेवरून परावर्तित होऊन डोळ्यात गेला तर पडदा जळतो, आणि जळाल्याशिवाय कळत नाही. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं आणि त्याची कॉलर धरली. माझा हात उगारलेला होता. एकोणीस वर्षांचं पोरगं. ते घाबरलं नव्हतं, गोंधळलेलं होतं.

“साब,” तो म्हणाला, “जम्पर तो आपने भी लगाया था।”

तो तेव्हा माझ्याकडे कामालाही नव्हता. म्हणजे ही गोष्ट शेडमध्ये सांगितली जात होती. जेवणाच्या डब्याभोवती, मी नसताना. मी शिकवलेल्या गोष्टींच्या जोडीने हीसुद्धा शिकवली जात होती.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी चाचांना थांबवून घेतलं. स्टुलावर बसलो. खणातून तार काढली आणि त्यांच्या समोरच्या लेबलांवर ठेवली. मी काय केलं, कधी केलं, का केलं, ते क्रमाने सांगितलं. दवाखान्यात डॉक्टर बोलल्यावर मला काय वाटलं होतं तेही सांगितलं. ते सांगताना आवाज गेला, थोडा वेळ थांबून पुन्हा सांगितलं.

चाचांनी तार उचलून बघितली, बोटांनी सरळ केली.

“मालूम था,” ते म्हणाले. “पंखे की आवाज़ नईं आ रई थी।”

ब्लोअरची घरघर आमच्या शेडमध्ये दिवसभर असते. ती थांबली की कान आधी जागे होतात. मी ज्या गोष्टीला गुपित समजत होतो ती अकरा दिवस सगळ्यांना ऐकू येत होती.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

त्यांनी थोडा विचार केला. रागाने नाही, खरंच आठवून बघितल्यासारखा.

“बोलता तो आप मशीन बंद कर देते?”

मी हो म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले. बाहेर रस्त्यावरून शिफ्ट सुटलेल्या लोकांच्या मोटारसायकली जात होत्या. त्या ओसरल्यावर मी म्हणालो, “नहीं चाचा। नहीं करता।”

त्यांनी मान हलवली, तार परत माझ्या हातात दिली आणि उरलेल्या दोन गठ्ठ्यांना लेबलं लावायला घेतली. मी दुसऱ्या गठ्ठ्याला लावू लागलो.